ज्याने बंद केला, त्याचा पहिला श्वास

सुरुवातीलाच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. वेलांटी कुठल्या बाजूला वळते ते आठवायला मला अजून हवेत बोट फिरवावं लागतं. हे कुणी वाचणार नाही, तरी माफी मागून ठेवते. सवय आहे. मेट्रोत माझ्या पायावर कुणी पाय दिला तरी 'सॉरी' मीच म्हणते.

हे लिहायला भाचीने बसवलं. ती दरवर्षी दोन-तीन दिवाळी अंक घेऊन येते. त्यात निवृत्त माणसं आपापल्या नोकरीबद्दल लिहितात, कुणी बँकेतली, कुणी पोलिसातली. भाची म्हणाली, "मावशी, तुझ्यासारखं काम यांच्यात एकानेही केलेलं नाही. लिही ना गं." मी म्हटलं, लिहिते, पण कुठे पाठवणार नाही. म्हणाली, "नको पाठवूस. पण भांडी जशी घासतेस तसं लिहू नकोस, सगळंच चकचकीत करून."

माझं काम म्हणजे रेग्युलेटर दुरुस्त करणं. हे सांगितल्यावर नातेवाइकांनी पंख्याचे रेग्युलेटर आणून दिले. मी तेही करून दिले, कारण 'ते हे नव्हे' असं सांगायला तोंड उघडावं लागलं असतं. माझे रेग्युलेटर पाणबुड्यांचे. अंधेरीला पूर्वेकडे एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर परेरासाहेबांचा गाळा होता. खालच्या गाळ्यात केकची खोकी बनायची, शेजारी लग्नपत्रिका छापायचे. लिफ्ट होती, पण फक्त मालासाठी. माणसांनी जिना चढायचा.

पाणबुड्याच्या पाठीवर सिलिंडर असतो हे सगळ्यांनी टीव्हीवर बघितलेलं असतं. त्यात हवा इतकी दाबून भरलेली असते की ती तशीच तोंडात सोडली तर माणूस वाचणार नाही. म्हणून मध्ये रेग्युलेटर. त्याचे दोन भाग. पहिला सिलिंडरवर बसतो आणि हवेचा जोर कमी करतो, जसा बिल्डिंगच्या टाकीखालचा व्हॉल्व पाण्याचा करतो. दुसरा तोंडात धरायचा. त्यात एक रबरी पडदा असतो. आपण श्वास ओढला की पडदा आत जातो, एक छोटी दांडी दाबतो आणि हवा येते. ओढणं थांबलं की बंद. मागितलं की द्यायचं, मागितलं तेवढंच द्यायचं, आणि मागणं थांबलं की गप्प बसायचं. असा माणूस मला सासरी एकही भेटला नाही.

नवे रेग्युलेटर ज्याच्या त्याच्या कंपनीकडे जातात. आमच्याकडे यायचे ते म्हातारे. पितळेचे, वजनदार, वरचा मुलामा उडून पिवळे पडलेले. त्यांचे सुटे भाग बनायचे बंद झालेले. साहेब दारूखान्याच्या, म्हणजे जहाजं तोडतात तिथल्या, भंगारातून मेलेले रेग्युलेटर किलोवर आणायचे आणि आम्ही त्यांच्या पोटातून भाग काढून जिवंतांना लावायचो. आधी सगळं उघडायचं, कोमट पाण्यात व्हिनेगर घालून भिजवायचं, हिरवा गंज उतरला की मऊ ब्रशने घासायचं. रबरी कड्या काढायला लोखंडी टोचा वापरायचा नाही, पितळेचा वापरायचा. लोखंडाचा एक ओरखडा पडला की तिथून हवा गळते. मी आधी घरी इमिटेशन ज्वेलरीचे खडे बसवायचे, डझनावर पैसे मिळायचे, त्यामुळे बारीक कामाला बोटं तयार होती. गाळ्यात मी झाडू मारायला आणि डायव्हिंगचे सूट धुवायला लागले होते. एकदा साहेबांच्या हातून एक इवलीशी स्प्रिंग उडाली आणि ती मी कचऱ्यातून शोधून काढली. साहेबांनी झाडू माझ्या हातातून घेतला आणि टोचा दिला. झाडू मारायला नंतर कुणी आलंच नाही. तोही मीच मारत राहिले.

परेरासाहेब स्वतः पूर्वी डायव्हर होते. त्यांचे दोन नियम होते. पहिला, ज्याने रेग्युलेटर जोडून बंद केला त्यानेच त्यातून पहिला श्वास घ्यायचा, गिऱ्हाइकासमोर, पाण्यात. त्यासाठी एक निळं पिंप होतं. त्यात मान घालून, तोंडात रेग्युलेटर धरून मी श्वास घ्यायचे. मला पोहता येत नाही. समुद्रात मी घोट्यापर्यंतसुद्धा गेले नाही, चौपाटीवर लाट आली की चपला हातात घेऊन मागे पळणाऱ्यांतली मी. पण ज्या रेग्युलेटरांनी समुद्राचा तळ बघितला त्या सगळ्यांतून मी अंधेरीत आधी श्वास घेतला आहे. दुसरा नियम, गिऱ्हाइकाचं समाधान झालं नाही तर पैसे पूर्ण परत. अर्धे साहेबांचे, अर्धे ज्याने बंद केला त्याचे. हा नियम साहेबांनी भिंतीवर लावलेला नव्हता. लावला असता तर समाधान न होणारे बरेच निघाले असते.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. पार्ल्याचे एक गृहस्थ दोन जाड नळ्यांचा जुना रेग्युलेटर घेऊन आले, कुठल्याशा लिलावात घेतलेला. म्हणाले, दिवाणखान्यात भिंतीवर लावायचाय, पण चालला पाहिजे. मी बारीक आवाजात विचारलं, भिंतीवर कशाला चालायला पाहिजे? म्हणाले, "तत्त्व म्हणून." दोन महिने खपून मी तो चालवला, पिंपात श्वास घेऊन दाखवला. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि जाताना म्हणाले, आता ती नळी कापून मागून खिळा मारता येईल का.

आणि एक मालाडचा कॉम्प्युटरवाला मुलगा. दर ट्रिपनंतर रेग्युलेटर आठवणीने गोड्या पाण्यात धुवायचा आणि तरी तो दर वेळी खराब व्हायचा. धुताना पहिल्या भागावर टोपण लावायचं असतं, नाहीतर खारं पाणी आत शिरतं. मी त्याला टोपण दाखवलं. तो म्हणाला, "अगं मावशी, हे? हे मी हरवू नये म्हणून घरी लॉकरमध्ये ठेवलंय."

पण मला लिहायचं आहे ते गोविंदकाकांबद्दल.

गोविंदकाका तांडेल मालवणकडचे, साठीला टेकलेले. जहाजांचे तळ घासणं, जेट्टीचे खांब तपासणं, धरणाच्या दारात अडकलेलं झाड काढणं, अशी कामं कंत्राटदारामार्फत करायचे. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांचा रेग्युलेटर धरणावर ऐन थंडीत मध्येच अडला होता. मी उघडला तर आत सगळीकडे पांढरं काहीतरी साचलेलं. वास घेतला. खोबरेल तेल.

"काका, यात तेल कुणी घातलं?"

"मिया घातलंय. सुको पडलो होतो." आणि वर, "घरच्या घाण्याचा हा हां, बाजारातला नाय."

घरच्या घाण्याचं तेलसुद्धा थंडीत गोठतं हे ते त्या गार पाण्यात विसरले होते. शिवाय दाबाच्या हवेशी तेलाचा संबंध येऊच द्यायचा नसतो, भडका उडू शकतो. साहेबांनी त्यांना अर्धा तास झापलं. काका सगळं ऐकून घेऊन मला म्हणाले, "चेडवा, तेल काढलंस ता वाया गेला ना?" तेव्हापासून ते आमचेच झाले. दर वर्षी रेग्युलेटर आणायचे, कधी आमसुलं, कधी सुका बांगडा. बांगड्याने पत्रिकावाल्या शेजाऱ्यांशी आमचं वैर झालं, ते शेवटपर्यंत.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात काका आले ते तक्रार घेऊन. "जड चलता गो. श्वास गावणा नाय."

मी सगळा उघडला, धुतला, कड्या बदलल्या, सीट बदलली. सीट म्हणजे आतली छोटी गोटी, जिच्यावर हवा बंद होते. ती झिजली की दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा एका जागी थांबत नाही, हळूहळू वर सरकतो. काटा थांबला. मी पिंपात श्वास घेतला, लोण्यासारखा. काकांनी घेतला. म्हणाले, बरा आहे. पैसे दिले आणि गेले.

पंधरवड्याने परत. "जडच हा."

मी दांडी किंचित उचलली, स्प्रिंग थोडी सैल केली. आणखी हलका झाला. काका घेऊन गेले आणि पुन्हा परत. या वेळी मी तो इतका हलका केला की नुसतं त्याच्याकडे बघितलं तरी फुसफुसायचा. मला वाटायचं काकांसाठी आपण किती करतोय. प्रत्यक्षात ते जे सांगत होते ते मी पितळेत शोधत होते, कारण मला पितळच उघडता येतं.

मला कळलं ते कानामुळे. माझी बसायची जागा दाराशी, जिन्याकडे पाठ. बाकीची माणसं वर येताना चपलांचा आवाज सरळ वर येतो. काकांच्या चपला मधल्या वळणावर थांबायच्या. आधी मला वाटायचं विडी टाकत असतील. चौथ्या खेपेला त्या दोन्ही मजल्यांच्या वळणांवर थांबल्या. आणि काका आत येऊन स्टुलावर बसले ते पाणी मागण्याआधी बराच वेळ नुसते टेबलाची कड धरून होते.

"सोमवारी जेट्टीर उतरूचा हा," ते म्हणाले. "पाच-सात दिवसांचा काम. शनवारी नेतलंय. या टायमाक नीट कर हां."

मी मान हलवली. ते गेल्यावर रेग्युलेटर उघडला, सगळे भाग थाळीत मांडले आणि तसाच ठेवला. शुक्रवारपर्यंत तो तसाच होता.

साहेब म्हणाले, "प्रमिला, गोविंदाचा का उघडा पडलाय?"

"सीट नाही साहेब."

"डब्यात आहेत की दोन."

"त्या खराब आहेत."

"दाखव बघू."

मला खोटं बोलता येतं, पण एका वाक्यापुरतंच. दुसऱ्या वाक्याला माझा चेहरा साथ देत नाही. मी म्हटलं, "साहेब, सीट चांगली आहे. काकाच खराब आहेत."

साहेबांनी चष्मा काढला. मी त्यांना जिन्याचं सांगितलं. त्यांनीही त्या चपला ऐकल्या असतील, पण साहेबांना एका कानाने कमी येतं आणि दुसरा कान फोनला असतो. ते म्हणाले, "हा असा खाली उतरला तर वर नाही येणार. सांग त्याला."

"मी?"

"बंद कुणी केला होता? ज्याने बंद केला त्याने बोलायचं."

नियम असा नव्हता. नियम श्वासाचा होता, बोलण्याचा नव्हता. पण हे सांगायलाही बोलावंच लागलं असतं.

शनिवारी काका आले. मी त्यांचा रेग्युलेटर तेवढ्यापुरता जोडला होता. शेजारी साहेबांचा स्वतःचा ठेवला होता, गाळ्यातला सगळ्यात चांगला. दोन्ही पिंपात श्वास घेऊन बघितले आणि काकांना म्हटलं, दोन्ही घेऊन बघा. त्यांनी आपला तोंडात धरला, मान पाण्यात घातली आणि लगेच वर आले. "जड." मग साहेबांचा. त्यातही तसंच.

"ह्यो पण जड. तुमचो सिलिंडरच बाद झालेलो हा."

"काका," मी म्हटलं. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. "तुम्ही जिना चढून आलात तेव्हा तोंडात रेग्युलेटर नव्हता."

"म्हणजे?"

"तेव्हाही जडच होतं ना? दर वळणावर थांबलात. रेग्युलेटर बरा आहे काका. तुम्ही डॉक्टरकडे जा."

काकांनी हाताने तोंड पुसलं. केसांतून पाणी गळत होतं. मग एकदम उसळले, "चवथी शिकलंस, त्यात डॉक्टरकी होती काय गो? चाळीस वर्सा पाण्यात गेली माझी. तू पिंपात डोक्या घालून माका शिकवतंस?"

मी म्हटलं, "सॉरी." पण थाळी उचलली, त्यांच्यासमोर रेग्युलेटर पुन्हा खोलला आणि भाग एकेक करून फडक्यावर ठेवले. एक कडी खाली पडली ती उचलली नाही. "हा मी आज बंद करणार नाही."

"परेरा! हिका सांग!"

साहेब म्हणाले, "गोविंदा, बंद ती करते. मी काय सांगणार?"

"मग माझे पैशे परत देवा. समाधान झाला नाय माझा."

साहेबांनी ड्रॉवर उघडला. माझा वाटा मी पर्समधून काढला. काका म्हणजे गाळ्याच्या इतिहासातलं पहिलं असमाधानी गिऱ्हाईक, आणि तेही मी आयुष्यात केलेल्या सगळ्यात चांगल्या कामावर. त्यांनी नोटा खिशात कोंबल्या. "कंत्राटदाराकडे नवो असता. माझा काय अडला नाय." दारातून वळून म्हणाले, "आणि बांगडे खाल्लास त्याचा काय?"

जिन्यावर चपला उतरताना थांबत नव्हत्या. उतरताना कुणाच्याच थांबत नाहीत.

सोमवारी मी दिवसभर काही उघडलं नाही. नुसतं झाडत बसले. काकांचे भाग फडक्यात बांधून ड्रॉवरमध्ये ठेवले होते. मला पुन्हापुन्हा एकच वाटायचं. काका दुसऱ्यांदा आले तेव्हाच मी बोलले असते तर त्यांना राग यायला वेळ मिळाला असता आणि राग जायलाही. आता राग घेऊनच ते पाण्यात उतरणार. साहेबांनी दोन फोन केले. काका उचलत नव्हते. कंत्राटदाराने उचलला आणि "कामात आहे" म्हणून ठेवला. संध्याकाळी कळलं, काका उतरले नाहीत. का नाही, ते कुणी सांगेना.

पुढे बरेच महिने काही नाही. मधल्या काळात साहेबांनी गाळा विकायचं ठरवलं. जुने रेग्युलेटर संपत आले होते. पाणबुडेही, साहेब म्हणायचे, आणि आपल्या गुडघ्याकडे बघायचे.

गाळा सोडायच्या आठवड्यात मालाची लिफ्ट वर आली. माल मागवलेला नव्हता. जाळी सरकली आणि आत काका, बरोबर त्यांची बायको.

"वॉचमन चढाक देय नाय," काका म्हणाले. "हिणा सांगल्यान, माल हा, जपून ने. म्हणून इलंय."

काकी म्हणाल्या, "खराच तर सांगलंय. इतके दिवस सांभाळूचा लागता तो मालच."

काका वाळले होते. शर्टाच्या वरच्या बटणाखालून एक उभा व्रण दिसत होता. स्टुलावर बसले आणि सांगत सुटले, जणू मधे काही झालंच नव्हतं. त्या सोमवारी जेट्टीवर त्यांनी कंत्राटदाराचा कोरा करकरीत रेग्युलेटर तोंडात धरला. पट्टा बांधलेला, पाय पाण्यात. एक श्वास घेतला. तोही जड. "तीन रेग्युलेटर, तीन सिलिंडर, नि तिन्ही जड? मगे माका तुझो तो जिनो आठवलो. रांडेच्यान जिन्यान पाठ सोडूक नाय." त्यांनी पट्टा सोडला. कंत्राटदार हसला. काका तसेच ओल्या पायांनी हॉस्पिटलात गेले.

"काय निघालं?" साहेबांनी विचारलं.

"हृदयातली झडप गळत होती. ऑपरेशन करून बदलल्यानी." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझीच तऱ्हा. उघडला, सीट बदलल्यानी, बंद केला. फक्त पिंप नाय होता."

काकी म्हणाल्या, "डॉक्टरान विचारल्यान, पूर्वी कधी तक्रार नव्हती? हे म्हणतत, होती, पण ती अंधेरीक केलेली."

साहेब इतके हसले की पत्रिकावाला डोकावून गेला.

"आता उतरणार पुन्हा?" मी विचारलं.

"डॉक्टर नको म्हणता. होडयेत बसान दोरी धरतलंय पोरांची." मग त्यांनी हात पुढे केला. "पण माझो माका दी."

मी ड्रॉवरमधून फडकं काढलं आणि त्यांच्यासमोर रेग्युलेटर जोडला. पिंप विकून झालं होतं, म्हणून सिलिंडर लावून कोरड्यातच पहिला श्वास घेतला. मग काकांना दिला. त्यांनी डोळे मिटून ओढला. सोडला. पुन्हा ओढला.

"हलको चलता! काय केलंस गो?"

"काहीच नाही काका. होता तसाच आहे."

त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि खिशातून नोटा काढल्या. "पैशे घे. माझा समाधान झाला." मोजल्यावर काही कमी भरल्या. साहेब म्हणाले, राहू दे रे. काका उठलेच. "रवता काय? पूर्ण घेतलंय, पूर्ण देतलंय." खाली रस्त्यावर एटीएम आहे, तिकडे निघाले. काकी मागून ओरडल्या, लिफ्टीन जा म्हणून. लिफ्ट कुणीतरी खोकी घालून खाली नेली होती.

मी जिन्याकडे पाठ करून बसले. हातात टोचा होता, टेबलावर उघडायला काही नव्हतं. चपला उतरल्याचं ऐकलं. मग बराच वेळ फक्त खालच्या गाळ्यातलं मशीन. काकी म्हणाल्या, "ता एटीएम पैशे देता की बनवता?" मग चपला पहिल्या पायरीवर वाजल्या. पहिलं वळण आलं. थांबल्या नाहीत. पहिला मजला. दुसरं वळण. साहेबांनी फोन कानावरून काढला होता.

काका आत आले, थोडे धापत, माणूस दोन मजले चढून आल्यावर जेवढा धापतो तेवढेच. उरलेल्या नोटा त्यांनी माझ्यासमोर ठेवल्या आणि म्हणाले, "मोज."

मी मोजल्या. पूर्ण होत्या.